रॉयल नॅशनल पार्क: कांगारू नाहीत, मग आहे तरी काय?

दक्षिणवारा

सिडनीत नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या काही महिन्यांत ऑपेरा हाऊस आणि ब्लू माउंटन्स उरकतो. मग कोणीतरी त्याला सांगतं, "रॉयलला जाऊन ये, जवळच आहे." तो शनिवारी सकाळी अकरा वाजता सहकुटुंब ऑडलीला, म्हणजे पार्कमधल्या सहलीच्या जागी पोचतो, हिरवळीवर चादर पसरून पुलाव खातो, बदकं आणि पांढरे काकाकुवे बघतो, आणि रात्री ग्रुपवर लिहितो, "जागा छान आहे, पण प्राणी काहीच नाहीत." हे इतक्यांदा वाचलं की शेवटी धागाच काढावा म्हटलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. शहराच्या मध्यापासून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, समुद्राला लागून, साधारण १५० चौरस किलोमीटरचं हे रान. १८७९ साली ते राखीव झालं. अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२चं, त्यामुळे रॉयलला जगातलं दुसरं राष्ट्रीय उद्यान म्हणतात. तेव्हा नाव नुसतं 'द नॅशनल पार्क' होतं. 'रॉयल' चिकटलं ते १९५५ मध्ये, राणी एलिझाबेथ येऊन गेल्यावर. हेतू वन्यजीव वाचवण्याचा वगैरे नव्हता. दाटीवाटीच्या शहरातल्या माणसांना मोकळी हवा मिळावी, एवढंच. म्हणून हॅकिंग नदीवर बांध घातला, हिरवळी केल्या, बाहेरची झाडं लावली, हरणंही आणून सोडली. आपण जिथे पुलाव खातो तो भाग त्या काळातल्या सहलीच्या कल्पनेतून घडलेला आहे. तिथे बसून प्राणी दिसले नाहीत यात नवल काय?

खरं रान बांधापलीकडे सुरू होतं. खाली वालुकाश्म, त्यावर पातळ, निकस माती. फॉस्फरस जवळपास नाहीच. अशा जमिनीत गवताची कुरणं होत नाहीत, म्हणून गवतावर जगणाऱ्या करड्या कांगारूंचे कळप इथे नाहीत. त्याऐवजी आहे कंबरेएवढं कडक, काटेरी झुडूप, बँक्सिया, ग्रेव्हिलिया, नि दऱ्यांमध्ये निलगिरीची उंच झाडं. इथली झाडं पानांत कंजूष पण मधात उदार. त्यामुळे प्राणीही त्या हिशेबाचे: छोटे, मध पिणारे, रात्री फिरणारे. मोठं जनावर बघायची सवय असलेल्या डोळ्यांना रॉयल रिकामंच वाटणार.

दिवसा नक्की दिसेल असं सांगायचं तर लायरबर्ड. लेडी कॅरिंग्टन ड्राइव्ह हा जुना रस्ता आता गाड्यांना बंद आहे, नदीच्या काठाने दहाएक किलोमीटर जातो. जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सकाळी लवकर तिथे चाला. कोंबड्याएवढा तपकिरी पक्षी पाचोळा उकरताना दिसेल. नर गायला लागला की कुकाबरा, व्हिपबर्ड, काकाकुवा सगळे एकापाठोपाठ एकाच झुडपातून ऐकू येतात. मादी एकच अंडं घालते, पन्नासेक दिवस एकटीच उबवते. नर तोवर गाण्यात गुंग. दहा सेंटच्या नाण्यावर आहे तो हाच.

बाकीच्यांनी आपापली भर घाला.

केळफूल

मस्त धागा! वाचनखूण साठवली. एक शंका: कांगारू नाहीत म्हणता, पण आम्हाला वाटामोलाच्या रस्त्यावर एक दिसला होता. काळपट, एकटाच, गाडी बघून वाकून पळाला.

दक्षिणवारा

केळफूल, तो स्वॅम्प वॉलबी. काळसर अंग, पोटाकडे तांबूस, आणि धावताना डोकं खाली. कळपात राहत नाही. तो गवतापेक्षा झुडपांची पानं, नेचे, बुरशी असलं काहीबाही खातो, म्हणून इथे टिकतो.

सह्यकडा

आईबाबांना कांगारूच दाखवायचे असतील तर रॉयलचा हट्ट सोडा. दक्षिणेला मुरामरँगमध्ये पेबली बीचला जा, तिथे कांगारू किनाऱ्यावरच्या गवतात लोळत असतात. वाँबॅटसाठी कांगारू व्हॅलीतलं बेंडीला, संध्याकाळी. कोआला मात्र नशिबाचा भाग आहे. सिडनीच्या नैऋत्येला कॅम्पबेलटाउनकडे त्यांची चांगली वस्ती आहे, पण वीस मीटर उंचीवर झोपलेला राखाडी गोळा शोधायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

रॉयलमध्ये मी जातो तो घोरपडींसाठी. लेस मॉनिटर, दोन मीटरपर्यंत वाढते. काळ्या अंगावर पिवळे ठिपके-पट्टे. सहलीच्या बाकांजवळ जीभ काढत निवांत फिरते आणि घाबरवलं की सरळ झाडावर. अंडी कुठे घालते माहितीये? वाळवीच्या वारुळात. मादी वारूळ फोडते, अंडी आत ठेवते, वाळवी ते भोक पुन्हा लिंपून टाकते. आत तापमान कायम सारखं. फुकट उबवणी केंद्र!

खवचट खारूताई

म्हणजे भाडं न देता भाडेकरू. सिडनीच्या घरभाड्यांचे दर बघता ही घोरपड आदर्श आहे.

बंडीनावाली

मी पार्कच्या कडेलाच, बंडीनाला राहते (आयडीवरून कळलंच असेल). आमच्याकडे प्राणी बघायला जावं लागत नाही, तेच येतात. सकाळी काकाकुवे, रात्री छपरावर पॉसम (झाडांवर राहणारा, पिशवीवाला छोटा प्राणी). कचऱ्याच्या डब्याचं झाकण चोचीने उचलायची विद्या सिडनीच्या काकाकुव्यांनी एकमेकांकडून शिकून घेतली आहे, त्यावर शास्त्रज्ञांनी अभ्यास करून २०२१ मध्ये निबंध छापला. आम्ही झाकणावर वीट ठेवतो. ते वीट पाडतात.

पण एक गोष्ट तळमळीने सांगते. कृपा करून काहीही खायला घालू नका. कुकाबरा हातातलं सॉसेज पळवतो तेव्हा मुलं हसतात, पण पाव, फरसाण, शिजवलेलं मांस हे त्याचं अन्न नाही. तो आपल्या खंड्याचा भाऊबंद. खंड्याच्या कुळात वजनाने सगळ्यात मोठा हाच, पण मासे क्वचित. सरडे, किडे, छोटे साप हे त्याचं जेवण. साप चोचीत धरून फांदीवर आपटतो ते बघायला मिळालं तर पैसे वसूल.

निशाचर

दक्षिणवाऱ्यांनी 'रात्री फिरणारे' म्हणून एका वाक्यात उरकलं, ते मला मंजूर नाही. रॉयलची खरी मजा तिन्हीसांजेनंतर.

सगळ्यात आधी पिग्मी पॉसम. अंगठ्याएवढा प्राणी म्हटलं तरी चालेल, वजन तीसेक ग्रॅम. बँक्सियाच्या फुलांत तोंड खुपसून पराग आणि मध खातो. थंडी पडली, खायला कमी झालं, की अंग गार पाडून मुटकुळं करून पडून राहतो. रॉयलमध्ये त्यांची चांगली वस्ती आहे. तरी तुम्हाला दिसणार नाही, हे आधीच सांगतो. मलाही दिसतो तो संशोधकांनी झाडांवर लावलेल्या घरट्यांच्या खोक्यांच्या फोटोंत.

दिसू शकतो तो टॉनी फ्रॉगमाउथ. लोक त्याला घुबड म्हणतात, तो घुबड नाही. गोव्याच्या जंगलात जो बेडूकमुखी पक्षी मिळतो त्याचा हा मोठा नातेवाईक. दिवसा फांदीवर मान ताणून बसतो, मोडक्या खोडाचा तुकडाच जणू. रात्री टॉर्चवर लाल सेलोफेन लावून हळू चाला.

आणि ग्रेटर ग्लायडर. मांजराएवढा, केसाळ, लांब शेपटीचा. निलगिरीच्या पानांशिवाय जवळजवळ काही खात नाही. कोपरापासून घोट्यापर्यंत ताणलेल्या कातडीवर एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे शंभर मीटरपर्यंत तरंगत जातो. जमिनीवर उतरला तर जवळजवळ असहाय. याची गोष्ट मोठी आहे. जानेवारी १९९४च्या वणव्यात रॉयलचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जळला. त्यानंतर ग्लायडर इथून संपला असंच सगळ्यांनी धरलं. बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा सापडला. २०२२ मध्ये देशाच्या यादीत त्याला संकटग्रस्त ठरवलं गेलं.

मुंबैकर

पण हे रान तर जळूनच वाढतं ना? बँक्सियाची बोंडं आगीतच उघडतात असं ऐकलंय. मग वणव्याचं एवढं काय?

निशाचर

चांगला प्रश्न, आणि अर्धं उत्तर बरोबर आहे. आगीनंतर बँक्सियाची बोंडं फुटतात. ग्रास ट्रीला तुरे येतात. वाराटा, म्हणजे या राज्याचं लाल फूल, जमिनीखालच्या गाठीतून पुन्हा उगवतो. जिमिया लिलीचा माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा दांडाही आगीनंतर जोमाने फुलतो. झुडूपराईला आग पचते, पण दोन आगींमध्ये बी धरायला पुरेशी वर्षं मिळाली तर. रॉयलचा मोठा भाग १९९४ मध्ये जळला आणि २००१च्या नाताळातल्या वणव्यात पुन्हा पेटला. आठेक वर्षांत काही झुडपं जेमतेम वयात येतात.

आणि ग्लायडरला झुडूप नको, त्याला ढोली हवी. निलगिरीच्या खोडात त्याला मावेल अशी ढोली तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. इथे सुतारपक्षी नाहीत! संपूर्ण ऑस्ट्रेलियात नाहीत. म्हणजे भोक पाडून देणारं कोणी नाही. फांदी मोडायची, बुरशी लागायची, वाळवीने पोखरायचं, मग घर तयार. जुनं झाड जळून पडलं की पुढच्या पिढीचंही घर गेलं. काकाकुवे, घुबडं, पॉसम, सगळे याच ढोल्यांच्या रांगेत.

सह्यकडा

+१. सुतारपक्षी नसल्याचं आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मुंबैकर

हे वाचून बोरिवलीचं संजय गांधी उद्यान आठवलं. शहराच्या कुशीत असलेलं रान, तिथे निदान बिबट्या तरी आहे. इथे वरचा शिकारी कोण?

दक्षिणवारा

डिंगो, म्हणजे इथला जंगली कुत्रा, या भागातून केव्हाच गेला. आता रात्री झाडांवर राज्य पॉवरफुल आउलचं, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं घुबड. पॉसम उचलतं. सकाळी फांदीवर पंजात अर्धा पॉसम धरून झोपलेलं बघितलंय. जमिनीवर मात्र बाहेरून आलेले कोल्हे आणि मांजरं आहेत, आणि बँडिकूट (लांब नाकाचा, पिशवीवाला छोटा प्राणी) आणि लायरबर्डची पिल्लं त्यांना बळी पडतात. त्यामुळे पार्कमध्ये कुत्रा न्यायला बंदी आहे, पट्टा लावूनही.

केळफूल

आणि हरणं? आम्हाला बंडीनाच्या रस्त्यावर संध्याकाळी कळप दिसला. मुलगी इतकी खूश झाली!

बंडीनावाली

केळफूल, ती रुसा हरणं. मूळची इंडोनेशियाकडची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणून सोडली, कुंपणात थोडीच राहणार? आज ती आमच्या बागांपासून समुद्रकाठच्या झुडपांपर्यंत सगळीकडे आहेत. आगीनंतर जे कोवळे कोंब येतात तेच नेमके ओरपतात. झाडांच्या साली घासून काढतात, दऱ्यांतल्या ओल्या मातीवर टणक खुरांनी वाटा पाडतात. इथल्या मूळच्या प्राण्यांचे पाय मऊ. ही माती खुरांसाठी घडलेलीच नाही. म्हणून सरकार नेमबाज लावून त्यांची संख्या कमी करतं.

केळफूल

मारतात?! अहो, ज्यांनी आणली त्यांचा दोष. हरणांनी काय केलं? पकडून दुसरीकडे नेता येत नाही का?

बंडीनावाली

नेणार कुठे? दुसरीकडेही तीच झाडं. आणि रानटी हरीण पकडताना घाबरूनच पुष्कळदा मरतं. मलाही पहिल्यांदा बंदुकीचा आवाज ऐकला तेव्हा झोप लागली नव्हती. पण कुंपण घालून राखलेला तुकडा आणि त्याच्या बाहेरचा तुकडा शेजारी शेजारी बघितला की वाद घालायची इच्छा उरत नाही. आत पोरसवदा झाडं, बाहेर नुसती चरलेली थुटं.

केळफूल

पटतंय आणि नाहीही. मुलीला सांगणार नाही एवढं नक्की.

खवचट खारूताई

*पॉपकॉर्न घेऊन बसली आहे*

डॉ. गोचीड

धागा बघून आलोच. प्राण्यांच्या धाग्यावर सापांचा विषय अजून कसा निघाला नाही? आईबाबांचा पहिला प्रश्न तोच असतो.

रॉयलमध्ये साप आहेत, भरपूर. डायमंड पायथॉन बिनविषारी, देखणा. रेड-बेलीड ब्लॅक, म्हणजे काळा चकचकीत, पोटाच्या कडा लाल, पाण्याजवळ दिसतो आणि पाऊल वाजलं की निघून जातो. विषारी आहे. महत्त्वाचं पुढे आहे. महाराष्ट्रात घोणस आणि फुरसं चावलं तर दंशाच्या जागी मोठी सूज येते, मांस सडतं, म्हणून तिथे घट्ट पट्टी बांधू नका असं सांगतात. ऑस्ट्रेलियात घोणसवर्गीय साप नाहीतच. इथले धोकादायक साप नागाच्या कुळातले. त्यामुळे इथला प्रथमोपचार वेगळा: संपूर्ण हातापायाला रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळा, काठी बांधून हालचाल थांबवा, माणसाला चालू देऊ नका, ००० या तातडीच्या नंबरला फोन करा. जखम धुवू नका, चिरू नका, चोखू नका. गावाकडच्या सवयीने दोरी आवळू नका. फनेल-वेब कोळी चावला तरी हेच. त्याचं प्रतिविष १९८१ मध्ये आलं आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. गंमत म्हणजे ते विष माणूस आणि माकडांना जसं बाधतं तसं कुत्र्या-मांजरांना बाधत नाही.

खरा त्रास माझ्या नावबंधूचा. इथली पॅरालिसिस टिक. चिमट्याने पिळून ओढू नका. औषधाच्या दुकानात थंड करून मारणारा फवारा मिळतो, तो मारा, मग ती गळू द्या. पिळलं की तिची लाळ तुमच्या अंगात जाते, आणि काहींना त्यानंतर मटणाची, बीफची ॲलर्जी होते. शाकाहाऱ्यांनी हसू नये, जिलेटिन आणि दुधानेही काहींना त्रास होतो.

मुंबैकर

मटणाची ॲलर्जी?? रॉयल रद्द.

डॉ. गोचीड

लांब पँट, पायमोजे वर ओढलेले, घरी आल्यावर कानामागे आणि केसांत तपासणी. एवढं केलं की मटण सुरक्षित.

सह्यकडा

सापांवरून: रॉयलमध्ये एक दुर्मीळ साप आहे ज्याच्यासाठी आपण सगळे काहीतरी करू शकतो. ब्रॉड-हेडेड स्नेक. काळ्या अंगावर पिवळ्या खवल्यांच्या आडव्या ओळी. फक्त सिडनीभोवतीच्या वालुकाश्मात राहतो. हिवाळ्यात उघड्या कातळावर सुटून पडलेल्या पातळ दगडी फरश्यांखाली असतो, कारण त्या उन्हाने तापतात. तिथेच त्याचं भक्ष्य, मखमली कातडीची पालही असते. आणि नेमक्या याच फरश्या लोक बागेत लावायला उचलून नेत आले. दगड गेला की पाल गेली, पाल गेली की साप. दुकानात 'बुश रॉक' म्हणून सुंदर शेवाळलेले दगड दिसले तर घेऊ नका. आणि फिरताना दगड उलटून बघायचा मोह आवरा, उलटलाच तर होता तसा ठेवा.

निशाचर

अतिशय महत्त्वाचं. दगड रचून मनोरे करणाऱ्या इन्स्टावाल्यांनाही हे कोणीतरी पाठवा.

अवांतर_वाचक

प्लॅटिपसबद्दल कोणी लिहिलं नाही? मी ऐकलं की परत आणलेत.

दक्षिणवारा

आणलेत! मे २०२३ मध्ये. हॅकिंग नदीत पन्नासेक वर्षं प्लॅटिपस नव्हता. सत्तरच्या दशकात महामार्गावर टँकरमधून रसायन सांडलं, त्याचा हात असावा असं मानतात. न्यू साउथ वेल्स विद्यापीठ, टरोंगा प्राणिसंग्रहालय, डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि राष्ट्रीय उद्यान खातं यांनी मिळून इतर नद्यांतून प्लॅटिपस आणले. आधी माद्या सोडल्या, काही दिवसांनी नर. नरांना आधी सोडलं असतं तर त्यांनी जागा बळकावल्या असत्या. प्रत्येकाला ट्रान्समीटर लावून मागोवा ठेवला. पुढे तिथे जन्मलेलं पिल्लूही सापडलं, म्हणजे नदी त्यांना मानवली.

बघायचा असेल तर पहाटे किंवा सूर्य मावळताना, संथ डोहाच्या काठी, बोलणं बंद ठेवून. पाण्यावर बुडबुड्यांची रेघ दिसते, मग चपटी पाठ. पाण्याखाली तो डोळे, कान, नाक सगळं मिटून घेतो आणि चोचीने भक्ष्याच्या स्नायूंतली वीज टिपतो. नराच्या मागच्या पायाला विषारी नखी असते, तेव्हा सापडला तरी उचलू नका.

केळफूल

हे भारी आहे! अंडी घालतो आणि दूधही पाजतो ना?

निशाचर

हो, पण स्तनाग्रं नसतात. दूध कातडीवर पाझरतं, पिल्लू चाटतं. तसाच त्याचा भाऊ एकिडना, तो रॉयलमध्ये दिवसाही दिसतो. रस्त्याच्या कडेला काटेरी घुमट हलताना दिसला की गाडी हळू करा. जवळ गेलात तर तो जागच्या जागी जमिनीत रुततो आणि फक्त काटे वर राहतात.

बंडीनावाली

गाडीवरून आठवलं. रस्त्यावर मेलेला वॉलबी किंवा पॉसम दिसला आणि थांबणं सुरक्षित असेल, तर पोटाची पिशवी बघा. आई मेली तरी आत पिल्लू जिवंत असू शकतं. वायर्सला (वन्यप्राण्यांना वाचवणारी संस्था) किंवा जवळच्या पशुवैद्याला फोन करा. पिल्लू स्तनाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, त्याचा जबडा फाटतो. ते लोक सांगतील तसं करा. वन्य प्राण्याला दूध पाजायचं नाही, गाईचं तर मुळीच नाही.

अवांतर_वाचक

देवमासे कधी?

सह्यकडा

मे अखेर ते नोव्हेंबर. हंपबॅक आधी उत्तरेला जातात, मग पिल्लांसह परत. कोस्ट ट्रॅकवर कुठल्याही कड्यावरून दिसतात, दुर्बीण न्या, पण कड्याच्या टोकापासून लांब राहा, वालुकाश्म खालून झिजलेला असतो. शिकारीमुळे संपत आले होते, आता एवढे सावरलेत की २०२२ मध्ये देशाच्या संकटग्रस्त यादीतून त्यांचं नाव काढलं. तिकडे जाताच आहात तर बंडीनाजवळच्या जिब्बनला थांबा. धारावल लोकांनी कातळात कोरलेली चित्रं आहेत, त्यात देवमासाही आहे.

केळफूल

ठरलं. आईबाबा जुलैत येताहेत. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता लेडी कॅरिंग्टन जमेल का?

दक्षिणवारा

जमेल. पूर्ण चालायची गरज नाही. ऑडलीच्या टोकाने आत शिरा, रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, दोन किलोमीटर गेलात तरी लायरबर्डचा आवाज येईल. सकाळी आठच्या आत पोचा, सायकलवाले यायच्या आधी. काकांना थंडीची सवय नसेल तर दरीत बोचरी असते, कानटोपी घ्या. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर बांधावरचा रस्ता पाण्याखाली जातो, निघण्याआधी पार्कच्या साइटवर बघून घ्या. वाटामोला आणि गॅरी या किनाऱ्यांची फाटकं रात्री बंद होतात, वेळ तिथेच लिहिलेली असते.

मुंबैकर

मीही येतो. मोजे दोन जोड घालून.